मेणबत्ती पेटते, पण दरवळत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: घरी केलेली नारळाच्या मेणाची मेणबत्ती नाकाशी धरली तर घमघमते, पेटवली की वास गायब. म्हणून यंदाचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. उत्तरांत दोन शब्द सारखे येतील. न पेटवता येतो तो थंड दरवळ, पेटवल्यावर खोलीभर पसरतो तो पेटता दरवळ. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात, तेव्हा आपलं दुखणं नेमकं कुठलं ते आधी ठरवा.

प्रश्न : अर्धा किलो नारळाच्या मेणात 40 मिली मोगऱ्याचं सुगंधी तेल घालून 7 सेंटिमीटर रुंदीच्या तीन काचेच्या ग्लासांत मेणबत्त्या ओतल्या. झाकण काढलं की वास छान येतो, पण पेटवल्यावर शेजारी बसूनही काही कळत नाही. दुसऱ्या खेपेला तेल 60 मिली केलं, तर वास आणखीच कमी झाला. तेलात भेसळ असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तेलावर आळ घेऊ नका. थंड दरवळ चांगला आहे, याचा अर्थ तेल ठीक आहे आणि ते मेणात मिसळलंही आहे. पाणी मुरतंय ते वातीत.

पेटत्या मेणबत्तीत वास कुठून येतो ते बघा. ज्योतीच्या उष्णतेने भोवतालचं मेण वितळून त्याचं तळं होतं. त्यातलं थोडं मेण वातीतून वर चढतं आणि ज्योतीत जळतं. त्याच्यासोबत वर गेलेलं सुगंधी तेलही जळूनच जातं, त्याचा वास तुम्हाला मिळत नाही. खोलीत पसरतो तो तळ्याच्या पृष्ठभागावरून उडणारा सुगंध. म्हणजे तळं किती रुंद आहे आणि किती गरम आहे, यावर पेटता दरवळ ठरतो.

नारळाच्या मेणाची गंमत इथेच आहे. ते 40 अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे बारीक ज्योतीनेही तळं पुरेसं रुंद होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, वात बरोबर आहे. पण ते तळं नुसतं कोमट असतं. मोगऱ्याच्या तेलातले हलके घटक कोमट मेणातूनही उडतात, जड घटक मात्र तिथेच बसून राहतात. पॅराफिनसाठी, म्हणजे नेहमीच्या खनिज मेणासाठी, घेतलेली वात नारळाच्या मेणात वापरली की बऱ्याचदा नेमकं हेच होतं.

तेल वाढवल्यावर वास कमी का झाला, तेही यातच आहे. 40 मिली तेल म्हणजे साधारण 36 ते 42 ग्रॅम, मेणाच्या 7 ते 8 टक्के. हे प्रमाण योग्य होतं. 60 मिली म्हणजे 12 टक्क्यांच्या घरात. सुगंधी तेल मेणासारखं सहज जळत नाही, ते वातीत साठून तिचा ओढा कमी करतं. ज्योत आणखी बारीक, तळं आणखी थंड, वास आणखी कमी. आगीतून फुफाट्यात!

आता तपासणी अशी करा. वात 5 मिलिमीटरवर कापा. पंखा बंद ठेवून मेणबत्ती पेटवा आणि दर तासाला पट्टीने तळ्याची रुंदी मोजा. तासाला अंदाजे अडीच सेंटिमीटर हा चांगला वेग. 7 सेंटिमीटरच्या ग्लासात तळं तीन तासांच्या आसपास कडेपर्यंत पोचलं पाहिजे. चार तासांनी ज्योतीपासून लांब, काचेजवळ, उदबत्तीची काडी उभी बुडवा आणि ओली झालेली लांबी मोजा. 8 ते 12 मिलिमीटर असेल तर उत्तम. 3–4 मिलिमीटरच भरली तर वात लहान आहे. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर असेल तर तोही काचेजवळ टेकवून पाहा. तिथलं मेण वितळण्याच्या तापमानाच्या जेमतेम वर असेल तर निदान पक्कं.

वात बदलताना एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले लागोपाठचे तीन नंबर आणा. एका कंपनीचा 8 नंबर दुसरीच्या 8 शी जुळत नाही. मेण तेच, ग्लास तोच, तेल 8 टक्केच; बदल फक्त वातीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही. प्रत्येक मेणबत्ती चार-चार तास, निदान तीन वेळा जाळा. पहिल्या वेळी कडेला 3–4 मिलिमीटर मेणाची कड उरली म्हणून ती वात बाद करू नका. मेणबत्ती अर्ध्यावर आली की काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात, तळं आपोआप गरम होतं आणि ती कड विरघळते. उलट पहिल्याच तासात कडेला पोचणारी वात खाली गेल्यावर फार तापते. ज्योत 4 सेंटिमीटरच्या वर नाचायला लागली, काचेला काजळी धरली, वातीच्या टोकाला काळा गुल जमला, ग्लासची बाहेरची बाजू 60 अंशांच्या पुढे गेली, तर वात मोठी झाली आहे. तिचा वासही जळका येतो. एक नंबर खाली या.

प्रश्न : तेल टक्क्यांत कसं मोजायचं? मी चमच्याने घालते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : चमचा आणि थेंब विसरा. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, मेण आणि तेल दोन्ही वजनावरच मोजा. व्हॅनिलासारखं दाट तेल आणि लिंबासारखं पातळ तेल यांचा एक चमचा सारख्या वजनाचा नसतो.

टक्केवारी मेणाच्या वजनावर काढतात. आधी ग्लासमध्ये किती माल मावतो ते बघा. ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, काठाच्या दीड सेंटिमीटर खालपर्यंत पाणी भरा आणि जे वजन येईल त्याला 0.9 ने गुणा, कारण मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. समजा उत्तर 170 ग्रॅम आलं. 8 टक्के तेल हवं असेल तर 170 ला 1.08 ने भागा: मेण 157 ग्रॅम, तेल 12.6 ग्रॅम. नव्या तेलाची सुरुवात 6 टक्क्यांनी करा, मग 8. नारळाचं मेण 10 टक्क्यांपर्यंत तेल सहसा धरून ठेवतं, पण धरून ठेवणं वेगळं आणि दरवळणं वेगळं. तेल विकणाऱ्याकडून इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मानकांप्रमाणे दिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात 12 क्रमांकाचा वर्ग मेणबत्त्यांचा असतो. तिथल्या टक्केवारीच्या वर जायचं नाही.

प्रश्न : माझ्या तेलाच्या बाटलीवर फ्लॅश पॉइंट 62 अंश लिहिलाय. विक्रेता सांगतो 70 अंशांना घाला. मग वास उडून जाणार नाही का? त्या भीतीने मी मेण गार होऊन दुधाळ दिसायला लागलं की तेल घालते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : विक्रेत्याचं बरोबर आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे त्या तेलाची वाफ जवळच्या ज्योतीने पेट घेऊ शकेल असं तापमान. साठवण आणि वाहतूक सुरक्षित व्हावी म्हणून तो लिहितात. त्या अंशाला सुगंध संपतो असा त्याचा अर्थ नाही. सुगंध कुठल्याही तापमानाला उडतच असतो. किती उडेल ते मेण किती वेळ, किती उघडं आणि किती गरम राहिलं यावर ठरतं. दोन मिनिटांत फार काही जात नाही, गॅसवर अर्धा तास उघडं ठेवलं तर मात्र जातं.

तुमचा घोटाळा त्या दुधाळ मेणात आहे. मेण थिजायला लागलं की तेल त्यात एकजीव होत नाही. थोडं वर राहतं, थोडं तळाशी साचतं. अशी मेणबत्ती सुरुवातीला दरवळते, मध्ये गप्प होते आणि तळाशी आली की एकदम भडकते. हे शेवटचं धोक्याचं आहे.

कृती अशी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मेणाचं भांडं ठेवा, मेण थेट आचेवर ठेवू नका. 75 ते 80 अंशांना सगळं मेण पारदर्शक झालं की गॅस पूर्ण बंद करून भांडं ओट्यावर घ्या. 70 ते 72 वर आलं की वजन करून ठेवलेलं तेल एका धारेत ओता आणि दोन मिनिटं घड्याळ लावून सावकाश ढवळा, तळ आणि कडा खरवडत. फेस येईल असं घुसळू नका. 55 ते 60 ला ग्लासांत ओता. मेणाच्या पाकिटावर वेगळे आकडे असतील तर ते माना. मिश्रणं सगळ्यांची सारखी नसतात. पाण्याचा एक थेंबही मेणात जाऊ देऊ नका, वात तडतडते.

प्रश्न : ओतल्यावर किती दिवस थांबायचं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : निदान 7 दिवस, शक्यतो 14. झाकण लावून, उन्हापासून लांब. पॅराफिन दोन-तीन दिवसांत तयार होतं, पण नारळ आणि सोया सावकाश घट्ट होतात, आणि त्या काळात तेल मेणात नीट बसतं. दुसऱ्याच दिवशी पेटवून तेलाला नावं ठेवणारे पुष्कळ. ग्लासच्या बुडाला ओतल्याची तारीख लिहायची सवय लावा. दिवाळीसाठी करणार असाल तर दसऱ्याला ओता. लक्ष्मीपूजनापर्यंत 20 दिवस मिळतात.

प्रश्न : एप्रिलपासून आमच्याकडे मेणबत्तीच्या वर तेलाचे थेंब येतात, मेण लोण्यासारखं होतं. टिपून काढलं की वास कमी येतो. खोबरेल तेलात थोडं मेण मिसळूनही पाहिलं.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : खोबरेल तेल मेणबत्तीत नको. ते 24–25 अंशांना वितळतं, म्हणून तर थंडीत बाटलीत थिजतं आणि ऊन लागलं की पातळ होतं. नारळाचं मेण म्हणजे त्याच तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलेलं असतं, पण त्याची मजलही 40 च्या आसपासच. तुमच्या मे महिन्यात ते कपाटात ठेवल्या-ठेवल्या मऊ होणार आणि अंगचं सुगंधी तेल घामासारखं बाहेर टाकणार. तुम्ही टिपता तो तुमचा सुगंधच आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी शुद्ध नारळाच्या मेणाचा हट्ट सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. 60 भाग नारळाचं मेण, 35 भाग ग्लासात ओतायचं सोया मेण आणि 5 भाग स्टिअरिक अॅसिड (मेण कडक करणारा मेणासारखा पदार्थ), इथून सुरुवात करा. स्टिअरिक 69 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते थोड्या सोयाबरोबर आधी वितळवून घ्या, मग बाकीचं घाला. तेल 6 ते 7 टक्के. मेण कडक झालं की जुनी वात कमी पडेल, तेव्हा वातीची चाचणी नव्याने करावी लागेल. तेवढी मेहनत वसूल होते, कारण या मिश्रणाचं तळं जास्त गरम राहतं आणि पेटता दरवळ बहुधा सुधारतोच. स्टिअरिकऐवजी मधमाश्यांचं मेण घालणार असाल तर हात आखडता ठेवा. त्याचा स्वतःचा मधाचा वास नाजूक फुलांच्या वासावर चढतो.

प्रश्न : बाजारच्या तेलांऐवजी अत्तर, गुलाबपाणी किंवा बागेतला गवती चहा वापरता येईल का? चंदनाचं अस्सल तेल घातलं तरी मेणबत्तीला वास का येत नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गुलाबपाणी नको, ते पाणीच आहे. अंगावर मारायचे स्प्रेसुद्धा नकोत; त्यांत अल्कोहोल असतं, ते गरम मेणात भसकन उडतं आणि पेटही घेऊ शकतं.

अत्तराचं उत्तर ते कशात बांधलंय यावर आहे. कन्नौजची जुनी पद्धत म्हणजे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवायचा. आता चंदनाच्या जागी बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन असतं. ही दोन्ही मेणात मिसळतात. पण स्वस्त अत्तरांत ग्लायकॉलसारखं काही असेल तर ते मेणाशी फटकून राहतं. घरी तपासता येतं: काचेच्या वाटीत 10 ग्रॅम पारदर्शक वितळलेलं मेण घ्या, त्यात अर्धा ग्रॅम अत्तर घालून ढवळा आणि वाटी गरम पाण्यात ठेवून दहा मिनिटं वाट पाहा. तळाशी थेंब बसले किंवा मेण गढूळ झालं, तर ते अत्तर मनगटावरच लावा.

गवती चहाची पानं वाळवून मेणात घालू नका. वातीजवळ आली तर पेटतात. त्याचं ऊर्ध्वपातित तेल मात्र मेणबत्तीत फार छान चालतं, निलगिरीचंही. संत्रं-लिंबाची तेलं इतकी हलकी की झाकण नीट नसेल तर पेटवण्याआधीच अर्धी जातात. चंदन आणि वाळा नेमके उलट. त्यांचे रेणू जड, उडायला उष्णता जास्त लागते, म्हणूनच तो वास कपड्यांत दिवसेंदिवस टिकतो आणि कोमट तळ्यातून वर येत नाही. इतकं महाग तेल मेणबत्तीत घालणं म्हणजे ते वाया घालवणं. मेणबत्तीसाठी बनवलेलं चंदनगंधी तेल घ्या. ते उष्णतेचा विचार करूनच तयार केलेलं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : रंगीत मेणबत्त्यांना पांढऱ्यांपेक्षा वास कमी येतो. रंगासाठी मेणखडू किसून घालतो.
– एक वाचक, पणजी

उत्तर : मेणखडूतला रंग मेणात विरघळत नाही, त्याचे कण वातीत अडकून बसतात आणि ज्योत बारीक होते. मेणबत्तीसाठी मिळणारा, तेलात विरघळणारा रंग चिमूटभर वापरा. आणि व्हॅनिलाच्या तेलाने मेण आपोआप तपकिरी होतं. तो दोष नाही.

प्रश्न : पेटवल्यावर पंधरा मिनिटं वास येतो, मग नाहीसा होतो. वात, तेल, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणेच आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मग बहुधा मेणबत्ती ठीक आहे, नाक सरावलंय. सारखा एकच वास येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. मेणबत्ती दोन तास जळू द्या, घराबाहेर वीस मिनिटं फेरी मारा आणि दारातून आत येतानाचा पहिला श्वास लक्षात ठेवा. किंवा तेल ओतण्याच्या कामात नसलेल्या माणसाला विचारा. ज्या दिवशी मेणबत्त्या ओतल्या, त्या दिवशी आपल्या नाकावर भरवसा ठेवूच नका.

खोलीही बघा. 7 सेंटिमीटरची मेणबत्ती दहा बाय दहाची खोली भरते. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि गॅलरी एकत्र असेल तर तिची ताकद पुरत नाही. तिथे एका मोठ्या मेणबत्तीऐवजी दोन लहान, दोन टोकांना ठेवा. ग्लास 9–10 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर एका जाड वातीऐवजी दोन बारीक वाती लावा. छताचा पंखा वास पळवतो आणि ज्योत एका बाजूला झुकवून तळंही वाकडं करतो.

प्रश्न : करवंटीत आणि मातीच्या पणतीत मेणबत्ती केली तर चालेल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : कच्च्या पणतीची माती तेल पिते. चार दिवसांनी पणतीचं बूड तेलकट लागतं आणि वास मातीत गेलेला असतो. आतून झिलई केलेलं भांडंच घ्या. करवंटी दिसायला सुंदर, पण ती उत्तम जळण आहे हे कोकणात सांगायला नको. शिवाय तळाशी ती निमुळती होते, त्यामुळे वरच्या रुंदीला बरोबर असलेली वात खाली जाता-जाता मोठी ठरते आणि ज्योत करवंटीच्या कडेला चिकटते. करायचीच असेल तर करवंटीत बसेल अशी छोटी काचेची किंवा धातूची वाटी ठेवून मेण त्यात ओता.

प्रश्न : आमच्या बचत गटाने प्रदर्शनासाठी 40 मेणबत्त्या केल्या. पंधरा दिवस होऊनही पेटता दरवळ नाही. आता फेकून द्यायच्या का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात नाही, पण सगळ्या एकदम वितळवूही नका. एक घ्या आणि पहिल्या उत्तरातली काडीची परीक्षा करा. तळं उथळ निघालं तर फक्त वात बदलायची आहे, तेलाला हात लावायचा नाही.

विझवून पूर्ण गार झालेला ग्लास कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी हळूहळू 60 अंशांपर्यंत तापवा. गार काच एकदम कढत पाण्यात घातली तर तडकते. मेण वितळलं की चिमट्याने वात तिच्या पत्र्याच्या बुडासकट काढा आणि मेण सुती कापडातून गाळा. ग्लास पुसून कोरडा करा, एक नंबर मोठी वात मधोमध चिकटवा, वरून दोन काड्यांत धरून सरळ उभी ठेवा. मेण 70 पर्यंत तापवून दोन मिनिटं ढवळा आणि 55 ते 60 ला परत ओता. या खटाटोपात थोडा सुगंध उडतो. थंड दरवळही उतरलाय असं वाटलं तरच मेणाच्या वजनाच्या 1 टक्का तेल वाढवा, आणि ते धरून एकूण प्रमाण प्रमाणपत्रातल्या मर्यादेत आहे ना ते पाहा. त्या एका मेणबत्तीवर नवी तारीख घाला, 14 दिवस थांबा, चार-चार तास तीन वेळा जाळा. ती बरोबर जळली तरच उरलेल्या 39 पाण्यात ठेवा.